बोर्ड लागण्याआधी

पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरीपासून चाकणपर्यंत गेलं की काही कारखान्यांच्या गेटवर दोन पाट्या दिसतात. एक कंपनीची, दुसरी तिच्या शेजारी युनियनची. दुसरी पाटी नसलेली गेटं आता जास्त. ती का नाही, यावर आमच्या मामांचं आणि ताईचं कधी जमलं नाही. मामा आयुष्यभर पर्सोनेल खात्यात. त्याला पुढे एचआर म्हणायला लागले, तेव्हाही टेबल तेच आणि कपाटाची किल्लीही तीच. ताई औद्योगिक न्यायालयात कामगारांची वकिली करते. मामांनी काढलेली माणसं आपल्याकडे अशील म्हणून येतात, असं ती गमतीने म्हणते. मामांना ती गंमत वाटत नाही. दोघांचं बोलणं इथे मांडतो आहे. मामा ज्या कारखान्यांत होते त्यांची नावं गाळली आहेत. जी ठेवली, ती वर्तमानपत्रांत आणि न्यायालयांत येऊन गेलेली आहेत.

मामा : आधी एक ऐक. युनियन होऊ नये म्हणून आम्ही काही करायचो, हे मी नाकारत नाही. पण मारहाण, गेटवर पैलवान उभे करणं, हे बावळट मालकांचे उद्योग. चांगल्या पर्सोनेल माणसाचा आवाजसुद्धा चढत नाही.

ताई : मग काय करायचात? नीट सांगा, मला कामाला येईल.

मामा : पहिलं म्हणजे, वेळेवर कळलं पाहिजे. रविवारी पुण्यात कोणत्या पुढाऱ्याच्या ऑफिसात कोण गेला होता, कोणत्या शिफ्टला कुजबुज जास्त आहे. कॅन्टीनवाला, बसचा ड्रायव्हर, सिक्युरिटी, यांच्याकडून आठवड्याच्या आत समजायचं. आता व्हॉट्सॲपचा ग्रुप असतो, त्यात एक आपला असला की झालं. मग यादी. शंभरात खरे चालवणारे चार-पाच, बाकीचे बघे. त्या चार-पाचांकडे एकेकटं बघायचं. जो बोलका आणि हुशार, त्याला सुपरवायझर करायचं. शर्टाचा रंग बदलला, पगार वाढला, घरी बायको खूश. आणि कायद्याने तो कामगारच उरत नाही. जो हट्टी, त्याची बदली. तिकडे उत्तराखंडात पंतनगरला माणसं कमी आहेत, 'प्रशासकीय कारणास्तव' तिकडे जा. इथे आईबाप, पोरांची शाळा, घराचा हप्ता. पंधरा दिवसांत स्वतःच राजीनामा लिहून आणतो. आणि उरलेल्या सगळ्यांना पगारवाढ. दर एप्रिलला होते ती त्या वर्षी नोव्हेंबरात. पोरं म्हणतात, न मागता मिळालं की, वर्गणी कशाला भरायची?

ताई : आणि एखादा सुपरवायझरही होत नाही, पंतनगरलाही जात नाही, तो?

मामा : त्याच्या घरी फोन. त्याला नाही, त्याच्या वडिलांना. 'तुमचा मुलगा कामाला चांगला आहे हो, पण संगत बिघडली. आमच्याकडून काही कडक व्हायच्या आत समजावा.' वडील रात्रीच्या एसटीने निघतात.

(हे सांगताना मामांच्या बोलण्यात कसबी माणसाचा ताठा होता. मला तो खटकला, आणि खरं सांगायचं तर ऐकायला गोडही वाटला. आपलं काम ज्याला पक्कं येतं त्याचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं, काम कसलंही असो.)

ताई : मामा, तुम्ही आत्ता जे सांगितलंत त्यातलं बहुतेक सगळं आधीच छापलेलं आहे. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा. आम्ही कोर्टात त्याला 'एमआरटीयू-पल्प' म्हणतो. त्याची दुसरी अनुसूची काढा. युनियन बांधली जात असताना तिचा जोर मोडायला ऐन वेळी दिलेली पगारवाढ, अनुचित प्रथा. कामगारांत फूट पाडायला लायकी नसताना दिलेली बढती, अनुचित. युनियन केलीत तर कारखाना बंद करू ही धमकी, अनुचित. मालकाने उभी केलेली युनियन, अनुचित. आणि चौथ्या अनुसूचीत तुमची पंतनगरची बदली.

मामा : फोन आहे का त्यात?

ताई : फोन नाही.

मामा : तेच म्हणतो. अगं, ती अनुसूची पाठ करूनच आम्ही नोकरीला लागलो. तिच्यात काय लिहिलंय ते समजलं की ऑर्डरमध्ये काय लिहायचं नाही तेही समजतं. बदलीच्या कागदावर 'युनियन' हा शब्द तू कधी पाहिलास? हेतू वाईट होता हे दाखवायचं काम तुझं. पगारवाढीचा हेतू कसा दाखवशील? मालकाने पैसे दिले म्हणून कोर्टात रडणारा कामगार तू उभा करणार?

ताई : अवघड जातं. पण दाखवते. बदलीची ऑर्डर आणि युनियनच्या अर्जाची पोच, दोन्ही एकाच आठवड्यातली असली की न्यायाधीशांनाही दिसतं. आम्ही हरतो ते तिथे नाही. त्या मुलाला काढलं, आम्ही ९० दिवसांच्या आत तक्रार दाखल केली. कंपनीचं म्हणणं येतं दोन तारखांनी. मग अंतरिम अर्जावर सुनावणी. आदेश आमच्या बाजूने लागला तर कंपनी मुंबईला, उच्च न्यायालयात. इकडे मुलाचा पीएफ संपला, लग्नातलं सोनं मोडलं. शेवटी निकाल लागतो, पुन्हा कामावर घ्या, मागचा पगार द्या. पेढे वाटतो. पण तोवर त्याच्याबरोबर ज्यांनी फॉर्म भरले होते ते सगळे गप्प झालेले असतात. खटला जिंकला आणि युनियन मेली, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पेढे नको वाटतात.

मामा : आम्हाला खटला जिंकायचा नसायचाच. सहा महिने काढायचे असायचे.

इथे मी मध्ये पडलो. सहाच महिने का?

मामा : तुझ्या ताईच्या लाडक्या कायद्यात आहे. युनियन नोंदवणं सोपं. नोंदणी झाली म्हणजे मालकाने तिच्याशी बोललंच पाहिजे असं देशाच्या १९२६ च्या कायद्यात कुठेही नव्हतं. बोलायला लावायचं तर महाराष्ट्रात मान्यता पाहिजे. मान्यतेसाठी अर्ज करायच्या आधीचे सलग सहा महिने, एकूण कामगारांपैकी किमान ३० टक्के तिचे सभासद पाहिजेत. म्हणजे हातात काही अधिकार नाही, मालक ओळख देत नाही, आणि तरी तीस टक्के लोक सहा महिने धरून ठेवायचे. ते सहा महिने आमचे. तेवढ्यात आकडा अठ्ठावीसवर आणला की पुन्हा पहिल्यापासून.

ताई : आता नव्या संहितेत तर एकापेक्षा जास्त युनियन असतील तर वाटाघाटीचा एकटीला हक्क मिळवायला ५१ टक्के लागतात. नाहीतर २० टक्क्यांवाल्यांची मिळून समिती. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ती केंद्राची, १९७१ चा कायदा राज्याचा. दोन्हींचा मेळ घालण्यात आमच्या वकिलांची एक पिढी पोसली जाईल.

मामा : आणि आम्हाला अनुचित प्रथेबद्दल शिक्षा काय?

ताई : संहितेत दंड. १० हजारांपासून २ लाखांपर्यंत.

मामा : दोन लाख. आमच्या कंपनीच्या दिवाळीच्या मिठाईचं बिल त्याहून मोठं असायचं. अमेरिकेत तर हे काम उघड चालतं, त्याचे सल्लागार असतात. ॲमेझॉनने २०२२ या एका वर्षात अशा सल्लागारांवर १ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त खर्च केल्याचं तिथल्या कामगार खात्याला स्वतः कळवलं होतं. मी ते सगळं महिन्याच्या पगारात करून द्यायचो.

ताई : अभिमानाने सांगताय.

मामा : नाही. पण का करायचो ते तू कधी विचारलं नाहीस. तुझे आजोबा, माझे वडील, परळच्या गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२. अडीच लाख माणूस एका दिवशी बाहेर पडला. डॉक्टर दत्ता सामंत म्हणाले, मिळवून देतो. काय मिळालं? सहा महिने झाले, वर्ष झालं, आईने भांडी विकली. संप मागे घेतला असं आजपर्यंत कोणी जाहीरसुद्धा केलं नाही. वडील गावी गेले ते परत गिरणीत पाऊल टाकायला आले नाहीत. त्या घरातून मी शिकून बाहेर पडलो आणि ठरवलं, मी असेन तिथे बाहेरचा पुढारी आत येऊ देणार नाही. मी मालकाची चाकरी केली म्हणतेस. माझ्या मनात मी पोरांना वाचवत होतो.

ताई थोडा वेळ काही बोलली नाही. आजोबांचा विषय आमच्याकडे असाच येतो आणि सगळे थांबतात.

ताई : मामा, पण डॉक्टर सामंतांकडे ते का गेले? सामंत गिरण्यांचे पुढारी नव्हतेच. त्यांचं काम इंजिनिअरिंग कारखान्यांत. गिरणी कामगार आपण होऊन त्यांच्या दारात गेला. कारण गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता, आणि त्यात एका उद्योगाला एकच प्रातिनिधिक युनियन. ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. लोकांना ती नको होती, बोनसच्या करारावरून चिडले होते. पण ती बदलायचा रस्ता कायद्याने इतका अरुंद ठेवला होता की दुसऱ्या कोणाशी बोलायची मालकांवर सक्तीच नव्हती. अडीच लाख लोकांना आपला माणूस आपण निवडता आला असता तर संप झाला असता कदाचित, पण तो असा झाला नसता. आजोबांचं घर सामंतांनी मोडलं म्हणता. मला वाटतं, सोयीची युनियन डोक्यावर बसवून ठेवायच्या धोरणाने मोडलं.

मामा : आणि गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर झाले, ते?

ताई : ते मी काढणार होते, तुम्हीच काढलंत.

मामा : सोयीची युनियन म्हणजे काय, ते मी पिंपरीत पाहिलं. १९८९. टेल्कोत राजन नायर यांची कामगार संघटना, आणि समोर व्यवस्थापनाशी जुळवून घेणारी दुसरी. पगारवाढीचा करार झाला दुसरीशी. नायर यांच्या मागची पोरं शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसली. सप्टेंबर संपता संपता पोलिसांनी रात्री येऊन सगळ्यांना गाड्यांत घातलं. त्यानंतर भोसरी-चिंचवड पट्ट्यातल्या प्रत्येक पर्सोनेल मॅनेजरने एक धडा घेतला, युनियन होणारच असेल तर आतली होऊ दे. आमच्याकडेही आम्ही आतली करून घेतली. नारळ मीच आणला होता.

ताई : आणि त्या युनियनचा सेक्रेटरी?

मामा : चांगला मुलगा होता. करार करायला बसला की आकडा मलाच विचारायचा.

(मामांना हे विनोदी वाटत असावं. ताईने वहीत काहीतरी लिहिलं. तिला हा कारखाना कोणता ते माहीत आहे, असा मला संशय आहे.)

मामा : पण तू एकच बाजू सांगतेस. मानेसर विसरू नकोस. अवनीश कुमार देव. मारुतीचा एचआरचा माणूस, माझ्यासारखाच, फायली सांभाळणारा. १८ जुलै २०१२ ला कारखान्यात आग लावली आणि तो त्यात गेला. त्या आठवड्यात मी ऑफिसला जाताना बायकोने पहिल्यांदा विचारलं, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना? त्याचं समर्थन करशील?

ताई : नाही. एका शब्दानेही नाही. पण आग त्या दिवशी लागली, सरपण वर्षभर आधीपासून रचलं जात होतं. ४ जून २०११ ला तिथले कामगार कारखान्यात बसून राहिले, १३ दिवस. आमची वेगळी युनियन होऊ द्या, हे त्यांचं मुख्य म्हणणं होतं. गुडगावच्या जुन्या कारखान्यातली युनियन तुम्हाला पुरे, असं कंपनीचं म्हणणं. ऑगस्टअखेर हमीपत्र काढलं, चांगलं वागू असं सही करून द्या, मगच आत या. महिनाभर लोक गेटबाहेर. ऑक्टोबरात पुन्हा काम बंद. मग जे पुढारी होते त्यांच्यासह ३० जणांनी कंपनीकडून पैसे घेतले आणि नोकरी सोडली.

मामा : घेतले ना? मग बोल.

ताई : घेतले. त्यांची लाज त्यांच्यापाशी. पण देणाऱ्याने काय विकत घेतलं ते बघा. ज्यांचं ऐकून हजारो पोरं शांत बसत होती, उठा म्हटलं की उठत होती, ती तीस माणसं. २०१२ च्या सुरुवातीला दुसरी युनियन नोंदवली गेली, नवे पदाधिकारी आले. पण आपला पुढारी विकला जाऊ शकतो हे त्या पोरांनी पाहून ठेवलं होतं. त्यानंतर जमावाला थांब म्हणायला कोणाचा शब्द उरणार होता? पुढे ५४६ कायम कामगार बडतर्फ झाले. दीडशेच्या आसपास तुरुंगात गेले. २०१७ मध्ये १३ जणांना जन्मठेप झाली, आणि ११७ निर्दोष सुटले. त्या ११७ पैकी बरेच जण आधी काही वर्षं जामिनाशिवाय आत होते.

मामा : देव परत येत नाहीत ना त्याने.

ताई : नाही येत.

या ठिकाणी दोघांपैकी कोणी हरलं असं मला वाटलं नाही. मामांचं म्हणणं माणसाबद्दल होतं, ताईचं त्याआधीच्या तेरा महिन्यांबद्दल. दोन्ही खरंच आहे. पुढारी विकत घेतल्याने युनियन मोडते, माणसांचा राग मोडत नाही, एवढं मात्र मी मनात नोंदवून ठेवलं.

मामा : बरं, तू मला ही सगळी जुनी हत्यारं दाखवतेस. आमच्या जागी जी पोरं आली आहेत, एमबीए झालेली, त्यांना यातलं काही करावंच लागत नाही. चाकणच्या एखाद्या कारखान्यात लाईनवर उभी असलेली माणसं मोज. कायम किती? थोडी. बाकीची तीन ठेकेदारांची, काही ट्रेनी, काही ॲप्रेंटिस. टेम्पररीला सात महिन्यांनी ब्रेक, म्हणजे सलग नोकरीच्या २४० दिवसांचा प्रश्नच नको. ज्याला युनियन करावीशी वाटेल तो आमच्या मस्टरवरच नाही. तो आमच्याविरुद्ध कसा उभा राहणार?

ताई : इथे मात्र तुम्ही बरोबर आहात, आणि त्याचाच मला राग आहे. ठेक्यावरचा कामगार माझ्याकडे येतो. दहा वर्षं एकाच मशीनवर. ठेकेदाराचं नाव चार वेळा बदललं, मशीन तेच, सुपरवायझर तोच. मी म्हटलं, अनुचित प्रथेची तक्रार करू. कंपनी कोर्टात एक ओळ लिहून देते, हा आमचा कामगारच नाही. संपलं. कारण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत सांगून ठेवलंय की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर या कायद्याखाली तक्रार चालत नाही. आधी दुसऱ्या ठिकाणी जा, नातं सिद्ध करा, मग परत या. दुसऱ्या ठिकाणी किती वर्षं लागतात ते मी त्याला सांगत नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळेल.

मामा : नीम योजनेतली शिकाऊ पोरंही येत असतील.

ताई : यायचे. शिकाऊ म्हणून भरती, हातात स्टायपेंड, पीएफ नाही, ईएसआय नाही, आणि कामाला तीन पाळ्यांत कायम माणसाच्या शेजारी. ती योजना बंद झाली, पण शिकाऊ माणसाकडून उत्पादन काढायची सवय गेली नाही. तुम्ही पूर्वी युनियन करणाऱ्याला हुडकून काढायचात. आता भरतीच अशी करतात की हुडकावं लागू नये. सात महिने थांबणाऱ्या पोराने सहा महिन्यांच्या सभासदत्वाचा विचार का करावा?

मामा : आणि पोरांना तरी कुठे पाहिजे आहे? मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली. एका खोलीत सहा जण. महिन्याला गावी पैसे पाठवायचे, दोन वर्षांत बुलेट घ्यायची. त्यांना तुझा मोर्चा नको, ओव्हरटाईम पाहिजे. शिवाय तू दुसरी एक गोष्ट झाकतेस. चाकण-रांजणगावात युनियनचं नाव घेऊन कोण येतं? गावातला दादा. पहिल्या दिवशी कामगारांच्या मागण्या, दुसऱ्या दिवशी स्क्रॅपचा ठेका मला द्या, पाण्याचे टँकर माझे लावा. बोगस माथाडीची टोळी गाडी उतरवू देत नाही. त्या माणसापासून कारखाना वाचवायचा की नाही?

ताई : वाचवायचा. खंडणी मागणाऱ्याला पोलिसांत द्या, मी साक्षीला येते. पण मामा, खरं सांगा. तो दादा शेवटी शांत कसा होतो? त्याला काय मिळतं?

मामा : (थोडं थांबून) लेबरचा ठेका.

ताई : मग तोच तुमचा कॉन्ट्रॅक्टर. त्याच्या माणसांनी युनियनचं नाव काढलं तर आवाज चढवायचं काम त्याचं, तुमचा आवाज खालीच राहतो. ज्याच्यापासून पोरांना वाचवायचं म्हणता, पोरं त्याच्याच हातात देता.

मामांनी यावर उत्तर दिलं नाही. चष्मा पुसत बसले. ते हरले की चष्मा पुसतात, असं ताईचं म्हणणं आहे. मला वाटतं ते विचार करत होते.

मामा : तुझे कामगार पगाराची भाषा बोलतात तोवर मला समजतं. पण कंपनी पैसे देत असेल, बस देते, जेवण देते, दवाखाना देते, तरी युनियनच पाहिजे हा हट्ट कशासाठी?

ताई : श्रीपेरुंबुदूर घ्या, चेन्नईजवळ, सॅमसंगचा कारखाना. २००७ पासून चालू, युनियन नव्हती. ९ सप्टेंबर २०२४ ला हजारावर लोक बाहेर पडले. युनियनचा अर्ज आधीच दिलेला. कंपनीचा आक्षेप काय, तर युनियनच्या नावात आमचं नाव नको. मध्येच कंपनीने एका कामगार समितीशी समझोता केला, महिन्याला ५ हजार रुपये जास्तीचे. तुमची नोव्हेंबरची पगारवाढ. तरी लोक आत गेले नाहीत. १५ ऑक्टोबरला संप मिटला, नोंदणीचा वाद तोवर मद्रास उच्च न्यायालयात गेला होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये युनियन नोंदवली गेली. नंतर काही आठवड्यांतच तीन पदाधिकारी निलंबित. महिनाभर उन्हात बसलेल्या लोकांनी पाच हजार नाकारले, ते कशासाठी? तुम्ही देता ते कधीही काढून घेऊ शकता, हे त्यांना समजलेलं असतं. कराराने मिळालेलं तसं काढून घेता येत नाही.

मामा : चेन्नई वेगळी. तिथे जुनी सवय आहे.

ताई : जुनीच. १९१८ ची मद्रास लेबर युनियन. बिन्नी कंपनीने तिचे अध्यक्ष वाडिया यांच्यावर उच्च न्यायालयातून मनाई हुकूम आणला होता, तुम्ही आमच्या कामगारांना फितवता म्हणून. त्या हुकुमाने आपले ना. म. जोशी हादरले, ज्यांच्या नावाचा रस्ता आजोबांच्या गिरणगावात आहे ते. १९२१ मध्ये त्यांनी केंद्रीय विधिमंडळात ठराव आणला, युनियनला कायद्याचं संरक्षण द्या. कायदा झाला १९२६ ला. पाच वर्षं. बघा, वेळ तेव्हाही मालकाचाच होता.

मामा : मग मी मघापासून तेच सांगतोय की! आमचं खरं हत्यार वेळ. पगारवाढ, बदली, फोन, हे सगळं वेळ काढायला. माझ्या हातात एखाद्या पोराला सहा महिने रिकामं बसवायची ताकद होती, आणि त्याच्या हातात एका महिन्याचा किराणा. यात कायदा कुठे आला?

ताई : तुमची ती ताकद कायद्यानेच तर सोडून दिली होती. वाद चालू असताना ज्यांच्या अंगाला हात लावता येत नाही असे संरक्षित कामगार कायद्यात आहेत. पण कोण? नोंदणी झालेल्या युनियनचे पदाधिकारी. जुन्या कायद्यात तसंच, संहितेतही तसंच. नोंदणीच्या अर्जावर ज्यांनी सह्या केल्या, ज्यांची नावं सगळ्यात आधी कंपनीच्या हातात पडतात, ते किमान सात जण नोंदणी होईपर्यंत उघडे. तुमची यादी नेमकी त्यांचीच असायची ना?

मामा : त्यांचीच. बोर्ड लागल्यावर आम्ही बदली करत नसू. बोर्ड लागण्याआधी.

वाद इथे थांबला, कारण दोघांनाही निघायचं होतं. मिटला म्हणता येणार नाही. मी कोणाच्या बाजूचा, असं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. मी ताईच्या बाजूचा आहे, पण मला पटवलं मामांनी. युनियन नको असायला मालकाकडे कारणं असू शकतात. त्यातली काही, खंडणीखोरांची भीती धरून, खोटीही नाहीत. पण युनियन करायची की नाही हे ठरवायचा हक्क घटनेच्या १९व्या कलमाने कामगाराला दिला आहे, आणि पर्सोनेलच्या कपाटातली ती यादी तो ठरवायच्या आतच कामाला लागते. ठेक्यावरच्या लोकांचा प्रश्न याहून मोठा आहे, एका दुरुस्तीने सुटणारा नाही. या सात जणांचा सुटू शकतो. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, आणि १९७१ मध्ये महाराष्ट्राने केंद्राच्या पुढे जाऊन कायदा करून दाखवला होता. युनियनच्या नोंदणीचा अर्ज दिल्यापासून त्यावर निर्णय होईपर्यंत आणि पुढे सहा महिने, अर्जदारांपैकी कोणाला काढायचं किंवा कोणाची बदली करायची असेल तर कंपनीने आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी, एवढी तरतूद आपल्या विधिमंडळाने करावी.